एकवीस दिवसांचे आवर्तन

गवयाच्या घरात घशाची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढी देव्हाऱ्यातल्या देवांचीही वाहिली जात नसेल. आंबट वर्ज्य, थंड वर्ज्य, आणि तेलकटावर पाणी पिणे म्हणजे तर महापाप. ज्येष्ठमधाची कांडी, खडीसाखर, लवंग, सुंठ आणि रात्री हळद घातलेले दूध ही आमच्या घरची पिढीजात औषधे. ग्वाल्हेरच्या लष्करात ज्यांची चार-पाच पिढ्यांची घरे आहेत, अशा महाराष्ट्रीय कुटुंबांतून थोड्याफार फरकाने हाच शिरस्ता आढळेल. मग त्या घरात कोणी गाणारे असो वा नसो. असे असूनही घशाच्या एका साध्या दुखण्यातून लहान मुलाचे हृदय कायमचे अधू होऊ शकते, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. मी पेशाने संगीतशिक्षक. वैद्यकात माझी गती नाही. पण गेली वीस-बावीस वर्षे शाळकरी वयाची मुले रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून गातात, आणि हे दुखणे नेमके त्याच वयाचे, म्हणजे साधारणतः 5 ते 15 या वयाचे आहे. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले आणि डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

या दुखण्याची आमच्या घरातली आठवण जुनी आहे. माझे वडील शिंदे दरबारच्या पदरी गायक होते. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते विशीत होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारी मैफलींच्या गोष्टी सांगताना ते रंगून जात. मात्र धाकट्या बहिणीचा विषय निघाला की गप्प होत. ही आत्या मी पाहिलेली नाही. तिच्याविषयी जे कळले ते एवढेच : नवव्या वर्षी तिचा घसा धरला, ताप आला आणि चार दिवसांत उतरला. पुढे दोन-तीन आठवड्यांनी एक गुडघा सुजला. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसरा, मग घोटा, मग मनगट. वातावरचे लेप झाले, सांधे पूर्ववत झाले, घरात सत्यनारायण घातला गेला. चौदाव्या वर्षी जिना चढताना तिला धाप लागू लागली. मुलगी नाजूक प्रकृतीची आहे, असे सर्वांनी ठरवून टाकले. अठराव्या वर्षी लग्न झाले आणि विसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात, ती गेली. त्या काळी बाळंतपणात बायका जातच असत. म्हणून कोणी अधिक विचारपूस केली नाही.

हा वृत्तांत मी एका हृदयरोगतज्ज्ञांना सांगत होतो. गुडघ्याची सूज सांगून झाली तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवले आणि पुढची हकिकत, धापेपासून बाळंतपणापर्यंत, त्यांनीच सांगितली. माझ्या आत्याचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. पण अशा मुली त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या की त्यांना ती कथा तोंडपाठ होती.

घसा, सांधे आणि हृदय

डॉक्टर या विकाराला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. मराठीत त्याला संधिज्वर असा शब्द आहे. त्याचे मूळ स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूच्या एका जातीत आहे. हा जंतू घशात शिरतो आणि घसा सुजवतो. शरीर त्याच्याशी लढण्यासाठी रक्तात प्रतिद्रव्ये तयार करते. इथवर सर्व यथास्थित चालते. परंतु या जंतूच्या अंगावरील काही द्रव्यांची ठेवण आपल्या हृदयातील आणि सांध्यांतील पेशींसारखी असते. काही मुलांच्या बाबतीत ही प्रतिद्रव्ये शत्रू आणि स्वकीय यांत गफलत करतात. जंतू नाहीसा झाल्यावर, म्हणजे घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, शरीराची ही फौज आपल्याच घरावर चालून जाते. म्हणूनच ताप पुन्हा येतो तेव्हा आईबापांना मागच्या घशाची आठवणही नसते. दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असेल हे त्यांच्या ध्यानी येणे कठीणच.

सांधेदुखीची तऱ्हा ओळखण्याजोगी असते. गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे मोठे सांधे दुखतात, आणि दुखणे एका सांध्यावरून दुसऱ्यावर उडी घेत जाते. अशा वेळी घरोघरी एक वाक्य ऐकू येते : "वाढीचं वय आहे, हाडं दुखायचीच." वाढीच्या वयात पाय दुखतात हे खरे, पण त्याने सांधा सुजत नाही, लाल होत नाही आणि ताप येत नाही. दुसरे असे की, घरच्या घरी वेदनाशामक गोळी दिली की हे सांधे चटकन मऊ पडतात आणि डॉक्टरांना जी खूण दिसायची तीच पुसली जाते. सांधे पुढे पूर्णपणे बरे होतात, कसलीही खोड मागे राहत नाही. मूल खेळू लागते आणि घर निर्धास्त होते.

हृदयाचे मात्र तसे नसते. हृदयातील झडपा, त्यातही डाव्या बाजूची माइट्रल झडप, या हल्ल्यात सुजतात. सूज ओसरल्यावर व्रण राहतो. घसा पुन्हा धरला की पुन्हा हल्ला होतो, आणि दर हल्ल्यागणिक झडप अधिकाधिक जाड, आखडलेली होत जाते. ती नीट मिटत नाही, किंवा वर्षानुवर्षांनी ती नीट उघडेनाशी होते. मग धाप लागते, पावले सुजतात. स्त्रीच्या बाबतीत गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, तो भार अरुंद झालेल्या झडपेला पेलत नाही. आत्याच्या बाबतीत काय झाले असावे, ते मला वयाच्या चाळिशीत असे समजले.

तंबोऱ्यावरचा हात

या विकाराचे आणखी एक रूप आहे. ते शिक्षकांच्या दृष्टीला सर्वांत आधी पडते. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. माझ्या वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी होती. आवाज गोड, स्वभाव शांत, तंबोरा छेडण्याची बोटे घड्याळासारखी नेमकी. एका हिवाळ्यात तिचा हात बिघडू लागला. तारेवर बोट पडायचे तिथे पडेना. मधेच मनगट झटका देई. गाताना चेहऱ्यावर नको ते हावभाव उमटत. शाळेत तिच्या अक्षरावरून बोलणी बसत होती. घरी हातून भांडी पडत म्हणून आजी रागवत होती. वर्गातली मुले हसत, आणि ती रडे. मी तिला शांत बसवून दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, तेव्हा ती बोटे स्थिर ठेवू शकेना. मी तिच्या आईला बोलावून विचारले, "झोपेत हात हलतो का?" आई म्हणाली, "नाही, झोपली की अगदी शांत." मी एवढेच म्हणालो, की हा हट्ट नव्हे आणि निष्काळजीपणाही नव्हे, उद्याच हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

या विकाराला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने 1686 साली त्याचे वर्णन केले. घसा दुखल्यानंतर तो एक ते सहा महिन्यांनीही उद्भवू शकतो, मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळतो, आणि झोपेत थांबतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो बहुधा आपोआप बराही होतो. पण तो हृदयाच्या दारात उभा असलेला निरोप्या आहे. या मुलीचे तसेच निघाले. तीन महिन्यांपूर्वी तिचा घसा धरला होता, ही गोष्ट आईला पुष्कळ विचारल्यानंतर आठवली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ते बराच वेळ ऐकत राहिले.

ही जी नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, तिचा जनक रने लेनेक हा फ्रेंच वैद्य बासरी वाजवणारा होता, हे मला पुढे वाचनात आढळले. 1816 साली पॅरिसच्या नेकर इस्पितळात एका तरुण स्त्रीचे हृदय तपासताना तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. तेव्हा त्याने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले, आणि हृदयाचा ध्वनी पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू आला. पुढे त्याने लाकडाच्या नळ्या स्वतः कातून काढल्या. आमच्या डॉक्टरांना मी गाणारा आहे हे समजल्यावर, मुलीच्या आईच्या संमतीने, त्यांनी ती नळी क्षणभर माझ्या कानाला लावली. निरोगी हृदयाचे दोन ठोके मी आधी ऐकले होते. पखवाजावरच्या दोन नेटक्या थापांसारखे ते येतात. इथे पहिल्या आणि दुसऱ्या थापेच्या मध्ये फुंकर मारल्यासारखा एक लांबट, हवेशीर आवाज होता. झडप पुरी मिटत नसल्यामुळे रक्त मागे फिरत होते, त्याचा तो आवाज. कच्च्या बासरीतून सुराआधी जी हवा निसटते ना, तसा. तो ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टर म्हणाले, "आता हृदयाची सोनोग्राफी करू, म्हणजे कितपत आहे ते दिसेल." या तपासणीला एको म्हणतात, आणि जो दोष नळीने ऐकू येत नाही तोही तिच्यात दिसतो. त्यामुळे शाळांतून छोट्या यंत्रांनी अशी तपासणी जिथे जिथे झाली आहे, तिथे वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या मुलांमध्येही झडपेचे दोष सापडले आहेत.

औषध जुने, स्वस्त आणि खात्रीचे

इतका घातक विकार, पण त्याचा बंदोबस्त ज्या औषधाने होतो ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. ते म्हणजे पेनिसिलिन. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते बुरशीत सापडले. स्वतंत्र भारतात 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो मुख्यत्वे याच औषधासाठी. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील फोर्ट वॉरन या लष्करी तळावर 1950 च्या सुमारास डॉक्टरांनी दाखवून दिले, की जंतूने घसा धरलेल्या सैनिकांना वेळीच पेनिसिलिन दिले तर पुढचा संधिज्वर टळतो. लक्षणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी हा लाभ मिळतो, असे आज डॉक्टर सांगतात. अर्थात गोळ्या असतील तर त्या पुरे दहा दिवस घ्यायच्या. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी फडताळात ठेवून द्यायच्या नाहीत.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि त्यांना पेनिसिलिनचा काडीइतका उपयोग नाही. नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, तर बहुधा तो साधा सर्दीपडशाचा घसा. त्याला आपली हळद, मिठाच्या गुळण्या आणि विश्रांती पुरेशी. पण खोकला-सर्दी नसता एकाएकी ताप भरला, गिळताना फार दुखते आहे, टाळूमागच्या गाठी लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके आले आहेत, मानेतल्या गाठी सुजून दुखताहेत, तर ते मूल त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. ज्येष्ठमधाने घशाला आराम पडतो, हे मी पिढीजात अनुभवाने सांगतो. जंतू मात्र त्याने मरत नाही. आणि दुकानातून आपल्या मनाने औषध आणणे हे तर दोन्ही बाजूंनी नुकसानीचे.

हे झाले पहिल्या हल्ल्याआधीचे. ज्या मुलाला एकदा संधिज्वर होऊन गेला, त्याच्यासाठी नियम अधिक कडक आहे. त्याचा घसा पुन्हा धरूच नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन नावाचे इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी द्यावे लागते. हे औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते. तीन आठवडे होत आले की त्याचे प्रमाण घटते आणि दार उघडे पडते. मग दुसरा हल्ला यायला एक घसा पुरे. हृदयाला इजा झाली नसेल तर शेवटच्या हल्ल्यापासून पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, आणि सौम्य इजा असेल तर दहा वर्षे किंवा पंचविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकी जी मुदत लांबची असेल तितके दिवस ते घ्यायचे, असा आपल्याकडचा सर्वसाधारण दंडक आहे. झडपेचा दोष मोठा असेल तर जन्मभर. मुदत प्रत्येक मुलासाठी त्याचे डॉक्टरच ठरवतात.

अकराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत हिशेब केला तर ही सुमारे 240 इंजेक्शने होतात. इंजेक्शन दाट असते, कमरेत खोल द्यावे लागते आणि पुष्कळ दुखते. मूल तर धडधाकट दिसते, पळते, गाते. अशा वेळी दर तीन आठवड्यांनी त्याला रडवत दवाखान्यात नेणे ही आईबापांच्या निश्चयाची कसोटी आहे. विलंबित ख्यालात सम लांब असते. मधल्या मात्रांत नवशिका रमतो आणि ती त्याच्या हातून निसटते. इथेही तेच होते. पहिले वर्ष सर्वजण नेमाने येतात. दुसऱ्या वर्षी लग्नसराई, परीक्षा, दिवाळी आड येते. तिसऱ्या वर्षी, "आता बरा आहे की तो," असे म्हणून सगळेच सुटते. डॉक्टरांकडे असे मूल पुन्हा येते ते धाप घेऊनच.

पेनिसिलिनची भीतीही अनेकांच्या मनात असते. क्वचित कोणाला त्याची तीव्र प्रतिक्रिया येते हे खरे आहे. म्हणून हे इंजेक्शन जिथे अशा प्रसंगाची तयारी आहे तिथेच घ्यावे, आधी पूर्वीच्या ॲलर्जीची माहिती द्यावी, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावे. ज्याला ते खरोखरच चालत नाही त्याच्यासाठी रोज घ्यायच्या दुसऱ्या गोळ्या आहेत. पण ऐकीव भीतीने औषध टाळणे म्हणजे दुर्मीळ धोक्याला भिऊन खात्रीच्या धोक्याला बोलावणे होय. आणखी एक अडचण व्यापाराची आहे. हे औषध इतके स्वस्त आहे की त्यात फारसा नफा नाही. साहजिकच ते तयार करणारे थोडे, आणि जगातल्या अनेक देशांत त्याचा वेळोवेळी तुटवडा पडत आला आहे. म्हणून पुढच्या तारखेचे औषध मिळेल ना, याची चौकशी आठवडाभर आधी करावी.

इस्पितळातील आईबाप

मुलगी इस्पितळात होती ते दोन आठवडे मी वरचेवर जात असे. तिच्या खोलीतील शेजारच्या खाटांवर भिंड, मुरैना, शिवपुरीकडच्या खेड्यांतून आलेली मुले होती. खाटेवर मूल, खाटेखाली पिशव्यांत संसार, आणि रात्री खाटेच्या दांडीला डोके टेकून आई. बाप बाहेर व्हरांड्यात चादर अंथरी. एक बाप मला म्हणाला, की इंजेक्शनला दर तीन आठवड्यांनी यायचे म्हणजे दोघांचे येण्याजाण्याचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. दोनदा चुकले, म्हणून आज हा इथे आहे. त्याला बोल लावणे सोपे आहे. पण उपचाराचा पहिला हप्ता मोठ्या शहरात झाल्यावर पुढची इंजेक्शने त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळण्याची सोय होणे, त्याच्या हातात तारखांचे कार्ड असणे आणि ते कार्ड तिथल्या परिचारिकेने ओळखणे, यात त्याचे खरे हित आहे. सुटी मिळतेवेळी हे कागदावर लिहून मागण्याचा आईबापांना हक्क आहे, आणि तो त्यांनी बजावावा.

हा विकार गर्दीचा आहे. एका खोलीत सहा-सात जण निजतात, हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात, तिथे घशाचा जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन येण्यापूर्वीच, राहणीमान सुधारू लागले तसतसा हा विकार ओसरू लागला होता. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. आज जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना संधिज्वरातून उद्भवलेला हृदयविकार आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि 2018 साली तिच्या महासभेने त्याविरुद्ध सर्व राष्ट्रांना उद्देशून ठराव केला. भारतात या विकाराची मोजदाद करून त्याकडे लक्ष वेधणाऱ्यांत दिल्लीच्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. 1917 साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या या विदुषी 2020 साली, वयाची शंभरी ओलांडून निवर्तल्या. ज्या झडपा वाचवता आल्या नाहीत त्यांच्यासाठीही आज उपाय आहेत. अरुंद झालेली झडप मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन रुंद करण्याची रीत जपानचे कानजी इनोउए यांनी 1984 साली प्रसिद्ध केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय बनावटीची कृत्रिम झडप 1990 साली प्रथम एका रुग्णाला बसवली गेली. माझ्या आत्याच्या काळी यांतले काहीही नव्हते.

सरकारी योजनांची माहिती आपल्या मध्यमवर्गीय घरांत फारशी नसते, म्हणून तीही देतो. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांतून आणि सरकारी शाळांतून तपासणी होते, आणि शोधायच्या विकारांच्या यादीत संधिज्वराचा हृदयविकार आहे. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांचे संरक्षण आहे. या गोष्टी घरकाम करणाऱ्या बाईंना, दूधवाल्याला, शेजारच्या बांधकामावरच्या मजुराला सांगितल्या तर त्यांची मुले वाचतील.

झाकून ठेवण्याची खोड

आता थोडे अप्रिय लिहितो. आपल्या जुन्या घराण्यांत मुलीचे दुखणे झाकून ठेवण्याची खोड आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या घरीही तेच झाले. आजीचे म्हणणे असे, की हृदयाचा रोग असे एकदा गावात झाले की पोरीचे लग्न जमायचे नाही. इंजेक्शनासाठी सारखे इस्पितळात गेले तर कोणीतरी पाहणारच. आजींच्या मनात मायाच होती, यात मला शंका नाही. पण मुलीची आई शांतपणे म्हणाली, "सासूबाई, लपवून लग्न होईल, बाळंतपण लपवून कसं होईल?" त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. आज त्या गोष्टीला पाच वर्षे झाली. हात केव्हाच पूर्ववत झाला. दुसरा हल्ला आलेला नाही, आणि हृदयातली ती फुंकर पुष्कळ मंदावली आहे, असे डॉक्टर सांगतात. पुढे काय होईल ते आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण एकही तारीख चुकलेली नाही. गाणे चालू ठेवावे का, असे आईने विचारले होते. हृदयाला सूज होती तोवर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. नंतर त्यांनीच मोकळीक दिली.

ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांनी आणखी एक जपावे. दातांची स्वच्छता कटाक्षाने ठेवावी, कारण किडक्या दातांतून रक्तात शिरलेले जंतू अधू झडपेवर ठाण मांडू शकतात. आणि दात काढायचा प्रसंग आला तर दंतवैद्यांना हृदयाचा विकार आधी सांगावा. मुलीचे लग्न ठरले, दिवस गेले, तर हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला आरंभीच घ्यावा. वेळेवर देखरेख झाली तर अशा अनेक मुली सुखरूप बाळंत होतात.

शाळांतील शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. चांगले अक्षर असलेल्या मुलाचे अक्षर एकाएकी बिघडले, पट्टीचा खेळाडू पायऱ्यांवर थांबू लागला, लंगडणारे मूल आज उजव्या आणि परवा डाव्या पायाने लंगडू लागले, तर वहीवर शेरा मारण्याआधी आईबापांना एक चिठ्ठी पाठवा. चिठ्ठीत रोगाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. ते डॉक्टरांचे काम. गेल्या महिन्यात घसा दुखला होता का, एवढे विचारले तरी पुरे. माझ्या वर्गाच्या हजेरीपटात आता फीच्या रकान्याशेजारी एक लहानसा रकाना आहे. तिथे सध्या दोन मुलांच्या नावांपुढे तारखा लिहिलेल्या असतात, आणि आदल्या संध्याकाळी वर्ग सुटताना मी त्यांच्या आईबापांना हळूच आठवण देतो. त्या दिवशी त्या मुलांना वर्गाला सुटी असते. कमर दुखत असताना मांडी घालून बसवत नाही.